नानांची करंगळी

नाना सोनगीरकरांच्या हातात बंदूक दिली की ते आधी तिचा नंबर बघत नसत, परवाना बघत नसत आणि मालकाचं तोंड तर मुळीच बघत नसत. उजव्या हाताची करंगळी नळीच्या तोंडात घालायचे, दोन वेढे फिरवायचे, बाहेर काढायचे आणि डोळे मिटून नाकाखाली धरायचे. अत्तराच्या दुकानात गिऱ्हाईक मनगट हुंगतं, अगदी तसं. मग निकाल बाहेर पडायचा.

"काल रातना बार शे. दोन उडवात. दुसरा बारनी दारू ओली व्हती."

समोरचा शेतकरी आ वासायचा. कारण रात्री दोनच बार उडवलेले असायचे आणि दुसरा खरोखरच फुसका गेलेला असायचा.

देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी जळगावच्या कचेरीत नवा कारकून म्हणून चिकटलो होतो आणि माझं टेबल नानांच्या टेबलाला लागून होतं. नाना बंदुकीचे परवाने बघत. डिसेंबर आला की खेड्यापाड्यांतून शेतकरी परवाने नवे करून घ्यायला यायचे. बहुतेकांच्या खांद्यावर ठासणीची बंदूक. ठासणीची म्हणजे तोंडातून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि देवाचं नाव घेऊन चाप ओढायचा. केळीच्या मळ्यातली डुकरं आवाजानेच पळायची. छर्रा लागला तर तो डुकराच्या नशिबाचा भाग.

सरकारी नियम एवढाच होता की नंबर जुळवा आणि शिक्का मारा. नानांनी त्यात स्वतःचं एक कलम घातलं होतं. नळीत काजळी सापडली तर शिक्का नाही. आधी बंदूक धुवा, मग या.

"बापू," ते मला म्हणायचे, "बार उडाला की दारूची काजळी आत बसते. तासाभराची असेल तर कोरडी असते, चुलीतल्या राखेसारखी. झटकली की उडते. पण रातभर राहिली की हवेतली ओल ओढते, चिकट होते आणि लोखंड खायला लागते. म्हणून बार उडवला त्याच दिवशी धुवायची. माणसानं स्वतः आंघोळ नाही केली तरी चालेल."

काही शेतकरी हे शेवटचं वाक्य तेवढं मनावर घेत, असा माझा अनुभव आहे.

एरवी नाना कचेरीतली शुद्ध मराठी बोलायचे. बंदूक हातात आली की मात्र अधूनमधून सोनगीरची बोली उसळून वर यायची. कुणी "नाना, कालच धुतली हो" म्हणालं की ते काळी करंगळी त्याच्या नाकासमोर नाचवायचे. "नळी खोटं बोलस नही. माणूस बोलस." हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकलं असेल. पुढे पुढे मी घरी भाजीत मीठ नाही म्हणून तक्रार केली आणि बायको "घातलंय की" म्हणाली, तर माझ्याही तोंडून तेच निघायचं. एकदा ताट उचलून नेल्यावर बंद केलं.

कचेरीच्या मागच्या व्हरांड्यात नानांनी स्वतःचा तांब्याचा बंब आणून ठेवला होता. पाणी उकळतंच हवं. ते नळीत ओतायचं, गजाला सुती चिंधी बांधून वरखाली करायचं. बुडाशी जो कान असतो, ठिणगी आत जायचं छिद्र, त्यातून काळं पाणी पिचकारीसारखं उडायचं. काळ्याचं राखाडी, राखाडीचं स्वच्छ. नळी तापलेली असल्याने आपोआप सुकायची. मग खोबरेलाचा हलका हात. एकदा बंदुका धुवायच्या तपेल्यात शिपायाने चुकून साहेबांचा चहा केला. साहेब घोट घेऊन म्हणाले, "आज चहाला दिवाळीचा वास का येतोय?"

आणि आता गंमत ऐका. या माणसाने जन्मात एकही बार उडवला नव्हता. आवाजाची त्यांना विलक्षण भीती. दिवाळीत कानात कापसाचे बोळे घालून घरात बसायचे. एका लग्नात वरातीपुढे बार निघाले तेव्हा नाना मांडवातून नाहीसे झाले. वरात संपल्यावर सगळे शोधायला लागले, तर न्हाणीघरात सापडले. नवरदेवासाठी तापवलेल्या पाण्याने ते वरातीतली बंदूक धूत होते. नवरदेव बिचारा पंचा नेसून दारात उभा. नाना त्याला म्हणाले, "तुम्हाला उद्या धुतलं तरी तुम्ही गंजणार नाही."

लोक हसायचे, चिडायचे. सर्वांत जास्त चिडले होते पहूरचे तुकारामआबा. केळीचा मोठा मळा, वडिलोपार्जित बंदूक आणि आवाज असा की त्या माणसाला बंदुकीची गरजच नव्हती. एका वर्षी नानांनी तिच्यात करंगळी घातली, हुंगली आणि मग गजाला चिंधी बांधून नळीच्या बुडापर्यंत तीन वेळा नेली. चिंधी तांबडी झाली. "बुडाशी गंजानं खड्डा पडलाय. शिक्का नाही," नाना म्हणाले.

आबांनी कचेरी डोक्यावर घेतली. आमच्या बापानं उडवली, आजानं उडवली, तुम्ही कोण लागून गेले? नाना शांतपणे उठले. मला आणि आबांना घेऊन मेहरूणच्या तलावाकडे गेले, बरोबर बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्रीचाचा. चाचांनी नेहमीइतकी दारू ठासली, बंदूक बाभळीच्या खोडाला बांधली आणि चापाला लांब दोरी. नानांनी कानात कापूस घातला आणि पाठ फिरवली. चाचांनी दोरी ओढली.

बुडाशी नळी केळीच्या सालीसारखी उलगडली. आबांचा गाल जिथे टेकला असता, त्या जागी बाभळीची साल सोलून निघाली होती.

आबांनी कितीतरी वेळ स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. नाना अजून पाठमोरेच होते. "झालं का?" एवढंच त्यांनी विचारलं. चाचांनी पुढे आबांना नवी नळी बसवून दिली आणि आबा दर डिसेंबरात नानांसाठी केळ्यांचा घड आणू लागले. नाना तो घेत नसत. शिपाई घ्यायचा.

मग नाना निवृत्त झाले.

त्यांच्या जागी आलेला मुलगा चलाख होता. नंबर बघायचा, शिक्का मारायचा. बंदुकीला बोटसुद्धा लावत नसे. पहिल्या डिसेंबरात नाना सवयीने कचेरीत आले आणि बाकावर बसले. समोरून काजळीने भरलेल्या बंदुका शिक्के मारून घेऊन जात होत्या. त्यांची करंगळी मांडीवर हलत होती, मी पाहिलं. दुपारी ते उठले, व्हरांड्यातला बंब रिकामा केला आणि टांग्यात घालून घरी घेऊन गेले.

घरी कुणी नव्हतं. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी धुळ्याला दिलेली. तिच्याकडे दिवाळीला गेले ते चार दिवसांत परत आले. म्हणाले, "जावयाकडे नुसती सायकल आहे. तिच्यात बोट घालून काय करू?" मी हसलो. ते हसले नाहीत. त्या वर्षात ते फार वाळले. मी गेलो की चहाची कपबशी हातात घेऊन बसत, चहा तसाच निवून जाई. बंब कोपऱ्यात पालथा पडलेला. मेहरूणच्या वाटेवरच्या त्या दोन खोल्यांत बसवत नसे. मला भीती वाटायला लागली होती की हा माणूस फार दिवस काढत नाही.

आणि एका रविवारी जाऊन बघतो तो ओट्यावर बंब पेटलेला! शेजारी फेट्यातला एक शेतकरी, आणि नाना बाह्या सारून गज चालवताहेत. "बघ बापू, अजून लोकांना धुता येत नाही," ते म्हणाले. तक्रार करताना इतका आनंदी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा आला. मग तिसरा. मला फार बरं वाटलं. चला, कचेरीतल्या त्या पोराला जे कळलं नाही ते शेतकऱ्यांना कळलं.

असाच एका रविवारी सकाळी मी तलावाच्या काठाने नानांकडे निघालो होतो. बाभळींच्या आड तुकारामआबा दिसले. हातात त्यांची बंदूक, अशी लखलखीत की त्यात दाढी करावी. आबांनी तिच्यात दारू ओतली, चिंधी ठासली आणि छर्रे न घालताच आभाळाकडे धरून बार काढला. पाण्यावरचे बगळे उडाले.

"आबा, सकाळच्या नऊ वाजता डुकरं?" मी विचारलं.

आबा ओशाळले. "काल सांजलेच धुतली ना भाऊ, नानानं शिकवली तशी. आता धुतेल बंदूक घिऊन नानाकडे काय जाऊ? बोट घालतीन, काही लागनार नाही, च्या पाजतीन अन् लावून देतीन. मंग दिवसभर काय करतीन ते एकटे?" मग त्या माणसाला न शोभणाऱ्या हळू आवाजात म्हणाले, "आम्ही बठ्ठ्यांनी पाळी लावेल आहे. आज माही. तुम्ही नानाले सांगू नका हो."

हे पहूरचे लोक विसरले होते की कुणाच्या करंगळीशी गाठ आहे. ज्याला रात्रीचा बार आणि सकाळचा बार वासावरून कळतो, त्याला अर्ध्या तासाची काजळी कळणार नाही? आणि कळलं की हा मानी म्हातारा बंब कायमचा पालथा करणार.

पण आबांना थांबवायचं तरी काय सांगून? आम्ही दोघं गेलो. नाना ओट्यावर वाटच बघत होते. आबांनी बंदूक दिली. करंगळी आत गेली, दोन वेढे फिरली, बाहेर आली. नानांनी अंगठ्याने ती हलकेच चोळली. काजळी कोरडी होती. राखेसारखी उडून त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पडली.

त्यांनी डोळे मिटून करंगळी नाकाखाली धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. दुसरा हात नळीवर होता आणि नळी अजून कोमट असणार. आबा स्वतःच्या वहाणांकडे बघत होते.

नानांनी डोळे उघडले.

"काल रातना बार शे," ते म्हणाले. "डुकरं लई मातनात का, आबा?"

"लय मातले, नाना," आबा म्हणाले.

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसलो, त्यांना खोटं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. लाकडं सारायच्या निमित्ताने मी बंबाशी जाऊन बसलो आणि धुराचं कारण पुढे करून डोळे पुसले.

नानांनी बंदूक तासभर धुतली. पाणी उकळतं हवं, चिंधी सुतीच हवी, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि आबांनी जन्मात पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं ऐकलं. मग खोबरेलाचा हात फिरवून बंदूक त्यांच्या खांद्यावर दिली. आबा ओट्याच्या पायऱ्या उतरले, एक पाय वहाणेत घातला, तेवढ्यात मागून नानांनी हाक मारली.

"आबा, पुढला खेपले दारू अर्धीच टाकजो. तितली पुरस."

आबा एका पायावर तसेच उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही सांगितलं, अशी मी मानेनेच खूण केली.