माळकऱ्याचा मासा

शिदूतात्यांना रस्त्यात कोणीही भेटो, रामराम घालायच्या आधी ते विचारत, "आवं, तांबडा मासा काय खातो?" लग्नाच्या पंगतीत विचारत. दवाखान्यात स्वतःची नाडी डॉक्टरांच्या हातात असताना विचारत. एकदा मर्तिकाला गेले तेव्हा तिथे मात्र दम धरला. पण घाटाच्या पायऱ्या चढून वर येईपर्यंतच.

तात्या सांगलीत आमचे शेजारी. नदीकाठी उसाचा मळा, दोन बैल आणि गळ्यात तुळशीची माळ. बायको वारलेली. एकुलता एक मुलगा, हंबीर, पलटणीत. लढाई चालू होती. ब्रह्मदेशात जाण्यापूर्वी तो रजेवर आला, तो मुंबईहून मांडीवर काचेची बरणी सांभाळतच. बरणीत बोटाएवढे दोन तांबडे मासे. जाताना म्हणाला, "तात्या, मी यीस्तवर जगवा." बरोबर खाण्याची एक पुडी दिली होती, ती तात्यांनी आठवड्यातच माशांना घालून संपवली. पुडीत काय होते हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि सांगणारा आगबोटीत बसला होता.

मी हळदीच्या अडतीत वजने टिपणारा माणूस. अंदाजाने बोलणे मला जमत नाही. म्हणूनच की काय, तात्यांना मी साक्षीदार म्हणून लागे. सकाळी हाक येई, "अण्णा, या. आज शेवया हायत." मग बरणीत चार बाजूंना चार चिमटी पडत. एकीकडे भाकरीचा चुरा, दुसरीकडे भात, तिसरीकडे फुटाण्याचे पीठ आणि चौथीकडे त्या दिवशीचा नवा पदार्थ. तात्या दोन्ही हात पाठीमागे बांधून, श्वास रोखून उभे राहत. मासा ज्या चिमटीकडे आधी जाई तिचा निकाल लागे, "लागू पडलं." कुठेच गेला नाही, तर "न्हाई लागू पडलं," आणि दिवसभर तात्यांचे तोंड उतरलेले.

"तात्या, मासा तोळाभराचा," मी एकदा हिशेब मांडून दाखवला. "त्याला तुम्ही दिवसाला मूठभर घालता. या मापानं बैलाला गाडीभर वैरण लागेल."

"मग बैलाला काय कमी घालतो व्हय?" तात्या म्हणाले.

एकादशीला माशांना राजगिरा मिळे. "आमच्या घरात आलं म्हंजे उपास आलाच," तात्या सांगत. "निर्जळी तेवढी त्यास्नी जमायची न्हाई."

पलीकडच्या घरात बाबूभाई पिंजारी राहत. तात्यांचे बालपणापासूनचे सोबती. ते एक दिवस बरणीत डोकावून म्हणाले, "गड्या, मासा किडं खातो. ही नदी समोर हाय, बघ की जरा."

"नदीतला खात आसंल. ह्यो माळकऱ्याच्या घरातला हाय."

"माळ घालशील कुटं त्याला? मान कुटं हाय?"

आम्ही हसलो. तात्या हसले नाहीत. त्यांचे लक्ष एका माशाकडे होते. तो अंगाने फुगला होता आणि पोहताना एका कुशीवर झुकत होता.

श्रावणात तो मासा उलटा होऊन वर आला. तात्यांनी त्याला परसात जाईखाली पुरले आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. ब्रह्मदेशातून येणाऱ्या बातम्या बऱ्या नव्हत्या. हंबीरची खुशाली कळून बरेच दिवस झाले होते. पोस्टमन गल्लीत वळला की तात्या बरणीवर हात ठेवून उभे राहत. तो दारावरून पुढे गेला की हात काढत. मग दुसरा मासाही तळाला जाऊन बसला. बरणीतले पाणी भाताच्या पेजेसारखे दिसू लागले.

"अण्णा, हंबीर आला आन बरणी रिकामी बघितली, तर म्या काय सांगू?"

"मासा मेला म्हणून सांगायचं. तोही जाणता आहे."

"त्ये न्हवं वो. जल्मात पोरानं माझ्याकडं कायी मागितलं न्हाई. ह्ये एवढंच मागितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत परसात गेलो, तर तात्या बैलांना पाणी पाजायच्या जुन्या डोणीवर ओणवे झाले होते. डोणीतल्या साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, आणि तात्या त्या फडक्याने गाळत होते. त्यांचा गळा मोकळा होता. माळेच्या जागी कातडीवर फिकट पट्टा तेवढा दिसत होता.

"तात्या, माळ?"

"खुंटीला हाय," ते मान वर न करता म्हणाले. "जीव मारायचा, तर ती गळ्यात कशी ठिवू? आंगूळ करून परत घालीन. देवाला सांगितलंय, पोराचा मासा हाय म्हणून."

विहिरीचे ताजे पाणी भरले. तात्यांनी मोजून चारच अळ्या बरणीत सोडल्या. तळाचा मासा हलला. वर आला. तोंड उघडले. तात्या पंचा घेऊन विहिरीकडे गेले.

मग रोजचा तोच क्रम झाला. माळ खुंटीला, चार अळ्या, आंघोळ, माळ गळ्यात. मासा तगला. रस्त्यात लोकांना अडवणेही थांबले. मला मात्र आता दुसराच प्रश्न येऊ लागला, "अण्णा, पल्टणीत जेवाय काय देत्यात वो?"

"हंबीरला काय आवडतं?" मी सहज विचारले.

"ठावं न्हाई," ते म्हणाले. "त्याची आई वाढायची. म्या मळ्यात. रजेवर आला तवा इचारलं, तर म्हनला, काय बी चालतंय."

लढाई संपली आणि हंबीर आला. वाळलेला, काळवंडलेला, पण हातीपायी धड. आल्या आल्या बरणीपाशी गेला.

"एकच?"

"एकच राहिला रं," तात्या म्हणाले.

"बास की, तात्या. लय झाला."

त्या दुपारी तात्यांनी मला हाक मारली. ओसरीवर हंबीरपुढे केळीचे पान मांडले होते. एका कोपऱ्याला पिठले, दुसऱ्याला भरले वांगे, तिसऱ्याला शेवयांची खीर. चौथ्या कोपऱ्याला द्रोणात मटणाचा रस्सा होता, बाबूभाईंच्या चुलीवरून आलेला. तात्या हात पाठीमागे बांधून, श्वास रोखून उभे होते. त्यांचा गळा मोकळा होता.

हंबीरने द्रोणाकडे पाहिले, मग बापाच्या गळ्याकडे.

"तात्या, माळ वो?"

"खुंटीला हाय. तू जेव."

हंबीर मान खाली घालून पानाकडे बघत राहिला. मग त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि हात द्रोणाकडे नेला.

तात्यांनी श्वास सोडला. माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "लागू पडलं." मग वळणीवरचा पंचा ओढून ते घाईघाईने विहिरीकडे निघाले.