शैलाताईंचा ओळंबा

शैलाताई घरत पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा चहा घेणार का हे विचारायच्या आत त्यांनी पर्समधून ओळंबा काढला. भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला बांधून जे वजन सोडतात, ते. आमच्या हॉलमध्ये माझ्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो आहे. ताई सोफ्यावर चढल्या, फोटोच्या कडेने दोरी सोडली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "तिरका आहे."

सासरे हयातीतही थोडे तिरकेच होते. पण बायको स्वयंपाकघरात असल्यामुळे मी हे मोठ्याने बोललो नाही. ताईंनी फोटो सरळ केला, शिवाय वीतभर खाली घेतला. माणूस डोळ्यांसमोर पाहिजे, छताला कशाला चिकटवून ठेवता, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून सासरे थेट माझ्याकडे बघतात आणि मला हॉलमध्ये नीट झोप लागत नाही.

ताई आमच्या नवघरच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. चित्रकलेच्या शिक्षिका होत्या, आता रिटायर आहेत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन दूर गेली. मी चौथ्या मजल्यावर राहतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणून त्या मला नावाने हाक मारत नाहीत, 'सेक्रेटरी' म्हणतात. बिल्डिंगमध्ये असं एकही घर उरलेलं नाही जिथलं कॅलेंडर, देव किंवा घड्याळ ताईंनी ओळंब्याने तपासलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या शहाभाईंच्या घरी तर त्यांनी टीव्ही सरकवला होता, तोही मॅच चालू असताना.

एकदा मी सोसायटीच्या कागदावर सही घ्यायला त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं, आत चित्रांचं दालनच असेल. पण भिंती कोऱ्या. अगदी कॅलेंडरसुद्धा नाही. खिडकीशेजारी तेवढा एक खिळा, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर ठोकलेला. मी विचारलं, ताई, खिळा आहे, मग चित्र कुठे? लावण्यासारखं काही नाही माझ्याकडे, असं म्हणून त्यांनी लगेच बाथरूमच्या लिकेजचा विषय काढला. मीही लिकेज म्हटल्यावर तिथून निघालो.

मग सोसायटीच्या वार्षिक सभेत, 'आयत्या वेळचे विषय' चालू असताना, ताई उठल्या आणि म्हणाल्या की आपल्या मीरा-भाईंदरच्या बायकांच्या कलेचं प्रदर्शन मी भरवतेय. उत्तनपासून चेण्यापर्यंतच्या. हॉल तीन दिवसांसाठी मिळालाय, सेक्रेटरी मला मदत करणार आहेत. सभेने टाळ्या वाजवल्या. पाण्याच्या टँकरचा विषय टळला म्हणून लोक कशालाही टाळ्या वाजवायला तयार होते.

माझी मदत म्हणजे काय, हे मला पहिल्याच फेरीत कळलं. आपण कुणाच्या घरी गेलो की नवरे दारातच चौकशी करत बसतात, त्यांना तुम्ही सांभाळायचं, मला आत काम असतं, असं ताईंनी रिक्षातच बजावलं. त्यामुळे आख्ख्या प्रदर्शनात मी कला कमी आणि नवरे जास्त पाहिले. डोंगरीच्या एका नवऱ्याने मला सुक्या बोंबलाचे सगळे प्रकार समजावून दिले. तोवर आत ताईंनी त्याच्या बायकोने, फिलोमिनाने, क्रोशाने विणलेलं चर्चच्या वेदीवरचं वस्त्र पसंत केलं होतं. फिलोमिना तयार होती, पण तिची एक अट होती. "रविवारी न्हाय मिलनार हा ताई. मिस्साला लागतं ते." शेवटी असं ठरलं, की रविवारी सकाळी वस्त्र मिस्साला जाईल आणि दुपारी रिक्षाने प्रदर्शनात परत येईल. न्यायची आणि आणायची जबाबदारी कोणावर आली ते सांगायला नको.

चेण्याची मंजू घराच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने सुंदर झाडं काढायची. तिला ताईंनी कॅनव्हास दिला, तर ती म्हणाली हा घसरतो, याला वास नाही. ताईंनी दुसऱ्या दिवशी तबेल्यातून बादलीभर शेण आणवलं आणि आमच्या पार्किंगमध्ये बसून प्लायवूड सारवायला घेतलं. माझ्याकडे तक्रारींचा पाऊस पडला. शहाभाई म्हणाले, "सेक्रेटरीसाब, गाडी पे छींटे आ रहे हैं." ताईंनी त्यांना वर न बघताच सांगितलं की गाडी धुता येते, हे सारवण पुन्हा जमणार नाही. शहाभाईंनी गाडी हलवली. ताई एकदा काम करायला बसल्या की माणसं आपोआप गाड्या हलवतात.

त्यांचं खरं भांडण मात्र नावावरून असायचं. प्रत्येक कलाकृतीखाली बाईचं स्वतःचं नाव पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आणि बायका चिठ्ठीवर हमखास 'सौ.' लिहून पुढे नवऱ्याचं आख्खं नाव लिहायच्या. मीरा रोडच्या टॉवरमधल्या एक बाई तर म्हणाल्या, त्यांचं नाव नाही घातलं तर त्यांना वाईट वाटेल. ताईंनी विचारलं, "त्यांनी काढलंय का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग त्यांचं नाव उखाण्यात घ्या. इथे तुमचं घाला." मी बाहेर त्याच नवऱ्याशी शेअर बाजारावर बोलत होतो. दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं. आम्ही शेअर बाजार चालू ठेवला.

मी एकदा न राहवून विचारलं, की नावाचं एवढं काय घेऊन बसलात? रिक्षा सिग्नलला थांबली होती. ताई म्हणाल्या, "आपल्या बिल्डिंगची लिफ्ट आहे ना, तिथे आमच्या घराची ओटी होती."

ते मला ठाऊक होतं. आमची बिल्डिंग त्यांच्या माहेरच्या जागेवर उभी आहे. वडलांचं मिठागर होतं, थोडी भातशेती होती. ते सगळं गेलं आणि वाट्याला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आला. पुढचं मात्र मला ठाऊक नव्हतं. त्यांची आई, सखूबाई, रोज सकाळी ओटीसमोर तांदळाच्या पिठीची रांगोळी काढायची. गावातल्या बायका बघायला यायच्या. मध्ये एक कमळासारखं काहीतरी असायचं, त्याच्याभोवती मासोळ्या फिरायच्या. ताईंनी पुढे शाळेत हजारो मुलांना चित्रं शिकवली, पण ती एक रांगोळी त्यांना कधी पुरी काढता आली नाही. मासोळ्या यायच्या, मधलं काही केल्या येत नसे.

"आईने जन्मभर रोज एक चित्र काढलं," त्या म्हणाल्या, "आणि रोज स्वतःच्या हाताने झाडून टाकलं. माझ्याकडे तिचं काही नाही."

तेव्हा मला त्या खिळ्याचा अर्थ लागला. प्रदर्शनाच्या दारात, सगळ्यात पहिली, ती रांगोळी पाहिजे, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. मला अगदी भरून आलं. सिग्नल सुटला ते बरं झालं.

ती रांगोळी आठवणारं कुणीतरी असेल म्हणून आम्ही जुन्या नवघरातली घरं पालथी घातली. कुणी वारलं होतं, कुणी विरारला गेलं होतं, कुणाला फक्त सखूबाईचं तोंड आठवत होतं. पण ताई हार मानणाऱ्यातल्या नाहीत. शेवटी गल्लीच्या टोकाला काशीबाय सापडली. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, सखूबाईची शेजारीण. ताईंनी मासोळ्यांची रांगोळी म्हणताच ती म्हणाली, "हाय की. तुज्या आयशीनीच शिकवलेली मना." ताईंनी तिथेच तिचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी काशीबायने हॉलच्या दारात रांगोळी काढली. मधलं कमळ उमटलं तेव्हा ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मग त्यांनी चारी बाजूंनी दोरी बांधली, 'कृपया हात लावू नये' अशी पाटी ठेवली आणि वॉचमनला बजावलं, की उद्घाटनाच्या प्रमुख पाहुण्या येईपर्यंत आत मुंगीसुद्धा सोडायची नाही. मी मोबाईलवर फोटो काढला. त्यात माझी चप्पल आली आहे.

सकाळी आम्ही पोचलो तर दारात लख्ख, ओली फरशी. दोरीची घडी करून खुर्चीवर ठेवलेली, पाटी भिंतीला टेकवलेली. आणि काशीबाय झाडू बाजूला ठेवून पदराने हात पुशीत बसलेली. वॉचमन म्हणाला, "मॅडम, उन्होंने ही बनाया था, उन्होंने ही साफ किया. हम कैसे रोकते?" माणसाने हुकूम पाळला होता, मुंगी खरंच सोडली नव्हती.

मला वाटलं, आता हॉल डोक्यावर घेणार. पण ताई खुर्चीत, त्या दोरीच्या घडीवरच बसल्या. आवाज अगदी बारीक झाला. "काशीमावशी, हे काय केलंत?"

काशीबायला प्रश्नच कळला नाही. "कालची रांगोली दारान कोन ठेवतं गो? लोकं बोलतील, घरातली बाय अजून उठली न्हाय का?"

पाहुण्या यायला थोडाच वेळ होता. काशीबायने निवांतपणे पिठीचा डबा उघडला आणि नवी रांगोळी सुरू केली. ताईंच्या जिवात जीव आला. पण दोन-चार रेघा झाल्या आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. ही वेगळी होती. मासोळ्या नव्हत्या, कमळ नव्हतं. वेलीसारखं काहीतरी चढत होतं. ताई म्हणाल्या, मावशी, ही नाही, आईची काढा. कालची.

"ही पन तिचीच," काशीबाय म्हणाली. "तुजी आयस कवा तीच तीच काढायची? रोज येगली काढायची. तुना एकच आठवतं?"

ताईंनी हळूच विचारलं, रोज पुसताना तिला वाईट नाही वाटायचं?

"जागा येवढुशी. पुसल्याबिगर उद्या काढायची कुठं?"

एवढं बोलून काशीबायने पिठीची वाटी ताईंच्या हातात दिली, तू धर, म्हणजे मला सारखं वाकावं लागणार नाही. ताई साडी सावरून फरशीवर बसल्या. पाहुण्या आल्या तेव्हा प्रदर्शन भरवणाऱ्या बाई दारातच वाटी धरून बसल्या होत्या आणि आत जायला वाट नव्हती. मीच पुढे होऊन सांगितलं की पहिलं चित्र अजून चालू आहे, थांबावं लागेल. पाहुण्याही पदर खोचून उकिडव्या बसल्या. मागे फिलोमिना, मंजू, टॉवरमधल्या बाई, आणि त्यांच्या मागे माझ्या ओळखीचे सगळे नवरे. लहानपणी आमच्या आईची रांगोळी मी रोज ओलांडून शाळेत गेलो, पण थांबून एकदाही पाहिली नव्हती.

रांगोळी झाल्यावर ताईंनी चिठ्ठी नव्याने लिहिली. 'काशीबाई. यांना शिकवलं सखूबाईंनी.' मी ती भिंतीवर चिकटवली. पुढचे दोन दिवसही काशीबाय सकाळी यायची, झाडायची, नवी काढायची, आणि ताई वाटी धरायच्या. फिलोमिनाचं वस्त्र रविवारी मिस्साला जाऊन वेळेवर परत आलं. ओळंबा मात्र त्या तीन दिवसांत पर्समधून बाहेर आला नाही.

प्रदर्शन संपलं आणि त्याच आठवड्यात माझ्याकडे लेखी तक्रार आली, की तळमजल्यावर लिफ्टच्या दारात रोज कुणीतरी रांगोळी काढतं, पाय कुठे ठेवायचा? तक्रार वाजवी होती. मी ती फाईलला लावली आणि फाईल कपाटाच्या मागे टाकली.

परवा सकाळी दुधाला निघालो. लिफ्टचं बटण दाबणार, तेवढ्यात खालून झाडूचा आवाज आला. मी हात मागे घेतला आणि जिन्याने उतरलो. चार मजले. माझ्या गुडघ्यांचं मला माहीत. शेवटच्या वळणावर थांबलो. ताई लिफ्टसमोर उकिडव्या बसल्या होत्या. कालची रांगोळी झाडून झाली होती, नवीन चालू होती. कडेच्या मासोळ्या झाल्या होत्या. मधली जागा रिकामी होती आणि चिमटीतली पिठी तशीच धरून ताई कुणाशी तरी बोलत होत्या.

"आई, इथे काय गं?"

मी श्वास रोखून उभा राहिलो, पण गुडघा वाजलाच. ताईंनी वर पाहिलं. डोळे पुसायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. नाकाला तेवढी पिठी लागली होती.

"जिन्याने का, सेक्रेटरी? लिफ्ट बंद आहे?"

"हो ताई," मी म्हटलं. "सकाळची बंदच असते आता."