भोयर सर आणि कमानींचा कोटा

भोयर सर माणसाच्या तोंडाकडे क्वचितच पाहतात. ते पाठ पाहतात. कोणी लग्नाची पत्रिका घेऊन गेलं तरी आधी "जरा पलटा बरं" म्हणतात. मी मुलीला त्यांच्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात घालायला गेलो, तेव्हा त्यांनी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. मला पलटवलं आणि म्हणाले, "ऑफिसात बसून बसून कंबरेची पार वाट लावून राह्यले तुम्ही, साहेब."

यवतमाळात मला माहीत असलेला वर्ग तेवढा एकच, म्हणून ऐकून घेतलं.

सरांच्या वर्गात उड्या कमी आणि झोपणं जास्त. पोरी पाठीवर पडून, गुडघे दुमडून, पोट आवळून श्वास घेतात. सर प्रत्येकीच्या कंबरेखालून फूटपट्टी सरकवून पाहतात. सरकली, म्हणजे कंबर जमिनीला टेकलेली नाही; पुन्हा पहिल्यापासून. मागे वाकून कमान टाकायची ती दिवसाला सोळाच. सतरावी टाकली की पोरगी घरी. एका आईने विचारलं, "सर, झोपायले तं घरी गादी आहे न?"

"गादीवर कंबर सैल पडते, बाई. इथं पोटाले कामाले लावलं हाये," सर म्हणाले, आणि त्या बाईंनाही पलटा म्हणाले.

"तोंड झूट बोलते, कंबर नाही बोलत," हे त्यांचं ब्रीद.

माझी समीक्षा राज्य स्पर्धेसाठी निवडली गेली. मी ऑफिसभर पेढे वाटले. स्पर्धेच्या दहा दिवस आधी ती माझ्या स्कूटरवरून सीटला हात टेकून उतरली. मला त्यात काही दिसलं नाही. सरांना गेटातून दिसलं.

"हात कायले टेकला वं?"

"असाच, सर."

"एका पायावर उभी राह्य. आता मांगं वाक."

ती हसत हसत वाकली आणि डोळ्यांतून घळकन पाणी आलं. महिनाभर दुखत होतं. टीममधून काढतील या धास्तीने पोरगी घरीही बोलली नव्हती. डॉक्टरांना खालच्या मणक्यात बारीक चीर सापडली. तीन महिने उड्या बंद.

मी सरांशी भांडलो. म्हटलं, "एवढी स्पर्धा होऊ द्या, मग करेल आराम."

"अन् चीर वाढली तं पुन्हा पेढे वाटसान काय?"

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांना ते कळलंच नसावं, कारण दुसऱ्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी चटई घेऊन आमच्याकडे येऊ लागले. डॉक्टरांनी नुसतं पडून पोटाने श्वास घेण्यापुरती परवानगी दिली होती. तेवढं करायला सर समीक्षाच्या बाजूला स्वतः आडवे होत. पहिल्या दिवशी माझ्या बायकोला वाटलं, यांना चक्कर आली. तिने हुंगवायला कांदा फोडला.

स्पर्धेच्या दिवशी टीम नागपूरला गेली. समीक्षा सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडली होती, जेवलीही नाही. संध्याकाळी बेल वाजली. दारात सर, चटईसकट.

"तुम्ही गेले नाही?" मी विचारलं. माझा अबोला तिथेच मोडला.

"टीमसंग दुसऱ्या मॅडम हायेत तिथं," म्हणत ते आडवे झाले. समीक्षाही भिंतीकडून पाठीवर वळली.

"मी बी असाच पडून होतो, तुझ्याएवढा असताना," सर म्हणाले. "टीम गेलती भोपाळले. आल्याबरोबर घरी येतो, सारं सांगतो, म्हणत होते पोट्टे."

"मग?"

"मंग काय. वाट पाह्यली."

"कोणीच नाही आलं?"

"नाही."

समीक्षा त्यांच्याकडे वळली. "किती वाजता येणार होते?"

"साडेसहा," सर लगेच म्हणाले.

इतकी वर्षं उलटून माणसाला ती वेळ तोंडपाठ असावी, याचं मला फार वाईट वाटलं. मी आतून सतरंजी आणली आणि सरांच्या दुसऱ्या बाजूला अंथरली.  मला जागा व्हावी म्हणून ते थोडे सरकले.