सिद्रामप्पांची गौरा

लोहाऱ्याच्या बाजारात सिद्रामप्पांचे भांड्यांचे दुकान आहे. गिऱ्हाइकाला डब्याची किंमत सांगण्याआधी ते विचारीत, "पाहुण्यांत एखादं चांगलं पोरगं हाय का? आमच्या गौरासाठी बगतोय." मुलगी बारावी झालेली, हिशेबाला पक्की, जिभेला मात्र थोडी धार, एवढी माहिती ते मोकळेपणाने देत. एकच गोष्ट सांगायची राहून जाई. गौरा ही त्यांच्या कादंबरीची नायिका होती.

या विसरभोळेपणाचा परिणाम एका रविवारी दिसला. बेंबळीहून जीप भरून पाहुणे आले. मुलाचे वडील, मामा, दोन चुलते आणि कडक इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला मुलगा. अप्पांच्या पत्नी महादेवीअक्का यांनी मुकाट्याने सर्वांना पोहे दिले. खाणे झाल्यावर मामा म्हणाले, "आता पोरीला बोलवा की."

"ती सध्या सतराव्या प्रकरणात हाय," अप्पा शांतपणे म्हणाले.

अक्कांनी कपाळाला हात लावला. "अवो, कागदातली पोरगी हाय ती! ह्यांना येड लागलंय. तुम्ही च्या घेऊनच जावा."

पाहुणे भले होते, हसून उठले. मुलाच्या वडिलांनी दारातून मागे वळून एवढेच विचारले, "पर शेवटी देणार कुणाला?"

हाच प्रश्न मलाही पडला होता. मी येथील शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, म्हणून हस्तलिखित तपासण्याचे काम अप्पांनी मजकडे दिले होते. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, कळश्यांच्या उतरंडीआड बसून ते लिहीत आणि रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवीत. "आज गौरा रुसलीया, काय लिवलं न्हाय," असे सांगताना चेहरा खरोखरच उतरलेला असे. अक्का आतून टोमणा मारीत, "तिची समजूत घाला आदी. मी हितं घसा कोरडा करतीया, त्याचं काय न्हाय!"

कथानक पुरे झाले होते. उरले होते केवळ गौराचे लग्न, आणि तेथेच अप्पा अडून बसले होते. तिच्यासाठी योजलेल्या पहिल्या मुलाची त्यांनी गडचिरोलीस बदली केली. दुसऱ्याला दारूचे व्यसन लावले. तिसरा मुलगा निर्व्यसनी, शिक्षक आणि स्वभावाने गरीब निघाला, तेव्हा मी आग्रह धरला.

"न्हाय गुरुजी. त्याच्या घरी पान्याची सोय न्हाय."

"ते घर तुम्हीच लिहिले आहे, अप्पा. एक विहीर खणून द्या."

अप्पांनी विहीर खणली, तिला पाणी लागायला दोन प्रकरणे घेतली आणि अखेर आषाढात शेवटची पाने माझ्या हाती दिली. पाठवणीच्या पानावर त्यांचे एरवीचे टपोरे अक्षर ओळीखाली घसरले होते. मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी एक उचलला आणि हातातच धरून ठेवला.

"चांगलं झालं, गुरुजी. पोरगी सुखात पडली. पर सकाळी दुकान उघडलं की हात पेनाकडं जातोय, आन् तिथं कुणीच नसतंय."

त्यानंतर ते गिऱ्हाइकाला थेट किंमत सांगू लागले. बाजाराला ते विचित्र वाटले. "अप्पांना बरं न्हाय का?" असे लोक मला विचारू लागले.

तपासलेले हस्तलिखित परत करावयास मी गेलो, तो नागपंचमीचा आदला दिवस होता. एसटीतून माहेरवाशिणी उतरत होत्या, गल्लीतल्या लिंबाला झोका बांधला जात होता. अप्पा आणि अक्का यांना मूलबाळ नाही. त्यामुळे त्या घरी या सणाला कोणी येत नसे. अप्पा पाटावर बसले होते. अक्का उद्याच्या दिंडांसाठी पुरणाची डाळ निवडत होत्या. त्यांच्याजवळ हिरव्या बांगड्या ठेवलेल्या दिसल्या. माप फार लहान होते.

"अक्का, या तुम्हाला कशा होतील?" मी विचारले.

"मला कशाला? मनगट बारीक हाय तिचं."

मी चपापलो. गौराच्या बारीक मनगटाचा उल्लेख कादंबरीत एकदाच, तोही ओझरता आला आहे. अक्कांना वाचता येत नाही. म्हणजे अप्पा पाने वाचून दाखवीत, तेव्हा टोमणे मारता मारता त्या सारे ऐकत होत्या.

अक्का नवऱ्याकडे वळल्या. "गल्लीतल्या समद्या पोरी आल्या. आपल्या पोरीला आनाया कोन जायाचं?"

"अगं, पुस्तक संपलं की आता."

"पुस्तक संपलं आसंल. पयली पंचमी हाय तिची."

अप्पा उठले. माझ्याकडून हस्तलिखित घेतले, खिशातले पेन काढले आणि माझा निरोप न घेता आतल्या खोलीत गेले. अक्का डाळ निवडत राहिल्या. थोड्या वेळाने मान वर न करताच त्यांनी आत हाक दिली,

"आन् ऐकलं का! लगीच माघारी धाडू नका. चार दिस ऱ्हाऊ द्या तिला."