नबुदला चिटणिसांच्या रजेची मोहीम

नदीपार सुभ्यात, दमास्कस मुक्कामी, चिटणीस नबुदला यांनी दहा दिवसांची रजा कैसी जिंकिली, ती हकीकत लोकांनी पुसिली, सबब पाहिली ऐकिली तैसी लिहिली. पदरचे मीठ घातले ते चवीपुरते.

सुभेदार बगफर्न म्हणजे पारसीक दौलतीचा खांब. फौज थोर, दरारा थोर आणि पिणे त्याहून थोर. पारसीकांचा दस्तूर ऐसा की, सायंकाळी पिऊन केलेली मसलत सकाळी शुद्धीवर फिरून तपासावी, आणि शुद्धीवर केलेली सायंकाळी पिऊन तपासावी. दोहों वेळा रुकार पडला तरच हुकूम.

ऐशात हमाथेहून चिटणिसांच्या कबिल्याचा, म्हणजे बायकोचा, खलिता आला. मजकूर येणेप्रमाणे: "थोरल्या दोघींची लग्नं तुमच्याशिवाय लागली. तबी शेवटची. म्हणते, बाबा नसतील तर मी उंबरा ओलांडत नाही. आता तुमचं तुम्ही बघा." चिटणिसांचे डोळे भरून आले आणि मग त्यांनी कंबर कसली.

पहिले सायंकाळी अर्ज गुजरला. सरकार प्याल्यातून वदले, "जा की. माझा करडा घोडा ने." सकाळी सरकारांचे मस्तक ठणकत होते. "कसली रजा? कुणाची पोर? आणि हळू बोल." ऐसे सहा दिवस जाहले. सहा वेळा घोडा मिळाला, सहा वेळा गेला. लग्नास सहा दिवस उरले, वाट चार दिवसांची.

मग चिटणीस साकी रुशन याचे गोटात शिरले.

"रुशन, त्यांची शुद्ध वाईट नाही रे, डोकेदुखी वाईट. आज सुरईत पाणी भर."

"मान जाईल माझी, चिटणीस."

"रंग येण्यापुरतं डाळिंब पिळ. बाकीचं सोंग ते स्वतःच वठवतील. तुलाही पोरगी आहे ना?"

साकीने सुरई उचलली.

त्या सायंकाळी सरकार डाळिंबाच्या पाण्यावर झिंगले, गायिले, दोनदा पडले आणि घोडा दिधला. सकाळी बारा वर्षांत प्रथम त्यांनी पाखरांचा आवाज ऐकिला, रजेस आणि घोड्यास रुकार दिला, मोहोर उठविली. चिटणीस मुजरा करून वळतात तोच मागून आवाज आला.

"थांब. आज इतकं हलकं वाटतंय, आम्हीही येतो लग्नाला. तीनशे स्वार आणि शिकारी कुत्रे घेऊन."

चिटणिसांच्या पायाखालची जमीन सरकली. व्याह्यांचे घर तीन खोल्यांचे. परंतु दस्तूर तो दस्तूर. शुद्धीवरचा बेत पिऊन पक्का होणे बाकी होते. चिटणीस तडक साकीकडे धावले.

"आज पाण्याचा थेंब नको."

सायंकाळी तिसऱ्या सुरईनंतर चिटणिसांनी अदबीने पुसिले की, लग्नास स्वारी निघणेबाबत काय आज्ञा. सरकार भिंतीस मिठी मारून वदले, "मला कुठेही नेऊ नका रे. इथंच बरंय." बेत रद्द जाहला.

दुसरे सकाळी कूच करून चिटणीस चार दिवसांनी, ऐन लग्नाचे दिवशी, हमाथेस दाखल जाहले. तबी वेशीपर्यंत धावत आली.

"बाबा, घोडा कुणाचा?"

"सुभेदारसाहेबांचा."

"आणि ते?"

"ते शुद्धीवर नाहीत, म्हणून तर तुझं लग्न लागतंय."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सुभा यथास्थित आहे. सरकारांचे मस्तक ठणकत आहे. बापाने लेकीस उंबरा ओलांडविला.