बारा उंदरांचं यकृत

प्रयोगाआधीच निष्कर्ष लिहून ठेवावा, असं माझं मत आहे. वेळ वाचतो आणि माणूस भरकटत नाही. म्हणूनच कॉलेजच्या मागच्या भिंतीला चिकटून वाढणाऱ्या एका रानटी झुडपाच्या पानांचा अर्क काढला, त्याच दिवशी मी सुबक अक्षरात लिहून टाकलं: 'या अर्कामुळे यकृताचं रक्षण होतं.' आता फक्त उंदरांना पटवायचं राहिलं होतं.

तापाची साधी गोळी प्रमाणाबाहेर गेली की यकृताची दाणादाण उडते. तेव्हा बेत असा: बारा उंदीर, दोन पिंजरे. सगळ्यांना गोळीचं पाणी. डावीकडच्या सहांना वर अर्कही. आठवड्यानं रक्त तपासायचं. उजवीकडचे आजारी, डावीकडचे ठणठणीत, आणि माझ्या प्रकल्पाला दोन वर्षांची मुदतवाढ!

पाजायचं काम प्रयोगशाळेतल्या मामांकडे. मामांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. वीस वर्षं त्यांनी उंदीर सांभाळले. उंदीरही त्यांच्याशी अदबीनं वागत. माझ्याशी विद्यार्थीसुद्धा तसे वागत नाहीत.

आठवड्यानं रिपोर्ट आला. बाराच्या बारा ठणठणीत.

विभागप्रमुख बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"उजवीकडच्यांना काय दिलं होतं?"

"नुसती गोळी, मॅडम."

"आणि तरी हे असे? यांचे आकडे माझ्यापेक्षा बरे आहेत."

"मला वाटतं..."

"वाटू देऊ नका. महिनाअखेरपर्यंत कारण शोधा, नाहीतर प्रकल्प बंद."

माझ्यातला संशोधक बऱ्याच वर्षांनी डोळे चोळत उठला. गोळ्यांची तारीख पाहिली, ती ठीक. तराजू तपासायला त्यावर घड्याळ, पेन आणि डब्यातला चमचा ठेवून पाहिला. उंदरांची अदलाबदल झाली की काय म्हणून शेपट्यांवरच्या खुणा पडताळल्या. शेवटी अर्काची बाटली उचलली, तर रिकामी. खरं तर निम्मी उरायला हवी होती.

"मामा, अर्क कुठं गेला?"

मामा पिंजरा पुसत राहिले. "दिला की."

"कोणाला?"

"सगळ्यांना. सर, एका खोलीतली लेकरं. डावीकडच्यांना औषध, आणि उजवीकडच्यांनी नुसतं टकामका बघत बसायचं? तुमच्या घरात चालेल का असं?"

मी त्यांना मिठीच मारणार होतो. म्हणजे अर्कानं सहा नव्हे, बारा यकृतं वाचवली होती! धावत बाईंकडे गेलो.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "आता तुलना कोणाशी करणार?"

दुसरी फेरी. नवे बारा उंदीर. या वेळी बाटली कुलपात, किल्ली माझ्या खिशात आणि पाजणारा मी स्वतः. तिसऱ्या दिवशी माझ्या हातावरच्या पट्ट्या मोजून बायको म्हणाली, "अहो, नक्की कोण कोणाला काय पाजतंय?"

रिपोर्ट आला. बाराच्या बारा आजारी. अर्कवाले सहा तर कणभर जास्तच.

मी पिंजऱ्यांसमोरच्या स्टुलावर बसकण मारली. मामा एका मरगळलेल्या उंदराची पाठ बोटानं चोळत होते.

"मामा, माझ्या हाताला गुण नाही का हो?"

"हाताचं काही नाही, सर. गोळीचं पाणी किती दिलंत?"

"चिठ्ठीवर लिहिलंय तेवढं."

"तिथंच चुकलं. एवढ्याशा जिवाला एवढं देतात होय? मी त्यातलं चमचाभर घ्यायचो, बाकी साधं पाणी."

मी खिशातली चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. उंदीरही माझ्याकडेच बघत होते. मग मामा म्हणाले, "असू द्या, आता यांचं मी बघतो."

मी निष्कर्षाचा कागद काढला. फारशी दुरुस्ती लागणार नव्हती. यकृताचं रक्षण होतं, हे तर सिद्धच झालं होतं. 'या अर्कामुळे' एवढे शब्द खोडून मी वर 'मामांमुळे' लिहिलं आणि कागद बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

बाईंनी तो दोनदा वाचला. मग माझा प्रकल्प बंद केला आणि दोन वर्षांची मुदतवाढ दिली.

मामांना.