धुडकूराव आणि जगाचा इतिहास

आमच्या सुरतेतल्या उधन्याच्या गल्लीत माझ्याइतके उखाणे कुणालाच येत नाहीत. हे दुसऱ्या कुणी सांगावं म्हणून मी वाट बघत नाही, मीच सांगून मोकळी होते! लग्न असो, डोहाळजेवण असो, जिची जीभ अडकते तिच्या मागे बाया मला उभी करतात. म्हणून शेजारची भागीरथी डोळे पुसत आली तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "पंधरा दिवस दे. तुझ्या नूतनच्या डोक्यात अख्खं जग बसवते."

झालं असं, की प्लेगच्या भीतीनं सगळी गल्ली नंदुरबारकडे पळाली, त्यात पोरीची दोन महिने शाळा बुडाली. आता दहावीची सहामाही तोंडावर. इतिहासात नापास झाली तर शाळा बोर्डाचा फॉर्म भरणार नाही, आणि फॉर्म भरला नाही तर तिचा बाप, दगा नाव त्याचं, फाल्गुनात तिचं लग्न उरकणार, असं त्यानं सांगून टाकलं होतं.

नूतनच्या डोक्यात सनावळ्या अळवाच्या पानावरच्या थेंबासारख्या! गाणं मात्र एकदा ऐकलं की पक्कं. मग साड्यांना टिकल्या चिकटवता चिकटवता मी एकेक राज्यक्रांती उखाण्यात ओवली:

बॅस्टिलचा तुरुंग फोडला सतराशे एकोणनव्वद साली,
धुडकूरावांच्या नावाची टिकली माझ्या भाळी.

वॉटर्लूच्या चिखलात नेपोलियन हरला,
धुडकूरावांनी मात्र माझा हात धरला.

धुडकूराव म्हणजे आमचे हे. उखाण्याला शेवटी नाव लागतंच, आणि मला घ्यायला एकच नाव.

नूतन पेपर देऊन आली ती हसत. सगळं लिहिलं म्हणाली. तिनं खरंच सगळं लिहिलं होतं! पहिली ओळ आठवली की दुसरी आल्याशिवाय तिला थांबताच येईना. टिपा लिहा, कारणे द्या, जोड्या लावा. बावीस ठिकाणी धुडकूराव.

इतिहासाच्या इंदुबाईंनी दगाला बोलावून पेपर पुढे ठेवला. पंधरा वर्षांच्या मुलीनं एका पुरुषाचं नाव बावीसदा लिहिलं, तर त्या तरी काय समजणार? आणि दगाला धुडकूराव शोधायला लांब जायचं नव्हतं. दोघं जवळच्या सचिन गावात एकाच कारखान्यात लूम चालवायचे, डबाही शेजारी बसून खायचे.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते शर्टाची दोन बटणं गमावून. बॅस्टिल नावाच्या ठिकाणी आपण काहीतरी केलं आहे, एवढंच त्यांना समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे शाळेत. इंदुबाईंनी विचारलं, हा धुडकू कोण? उखाण्याशिवाय नाव घ्यायची सवय नाही, म्हणून मी पदर सावरत ह्यांच्याकडे बोट केलं. मग उखाण्यांची सगळी हकीकत सांगितली. बाईंच्या ओठांचे कोपरे हलले, दगाचा चेहरा मात्र मांज्यासारखा ताठ. बाई म्हणाल्या, उत्तरं बरोबर आहेत, पण या गृहस्थांसकट मार्क देता येणार नाहीत. तोंडी विचारते, यांचं नाव न घेता सांगायचं. जमलं तर पास.

"रशियात क्रांती झाली. तिचा नेता कोण?"

नूतन उभी राहिली. "झार गेला, सत्ता आली कामगारांच्या हाती..." आणि तिथेच अडकली. नाव तर घ्यायचं नाही, आणि नावावाचून पुढे पाऊल पडेना. दगा उठून चपला शोधू लागला.

मी पुटपुटले, "अगं, दुसऱ्या कुणाचंही घे!"

नूतननं डोळे मिटले.

"झार गेला, सत्ता आली कामगारांच्या हाती,
लेनिनरावांशी जुळली सात जन्मांची नाती."

इंदुबाईंनी वहीत खूण केली. दगा एकाच पायात चप्पल घालून थबकला होता. त्यानं हळूच विचारलं, "बाई, हा लेनिन कुठला?"

"रशियातला. सत्तर वर्षं झाली वारून."

दगानं एकवार आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, मोठा श्वास सोडला आणि खाली बसला.

"मंग भरा फॉर्म."